रॉबर्ट प्लांट: दुसऱ्यांच्या गाण्यात पाहुणा म्हणून गेलेला गायक

कातळसडा (देवगड)

रॉबर्ट प्लांट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा विशीतला पोरगा. कुरळे केस, उघडी छाती आणि टिपेला जाऊन तिथेच ठाण मांडणारा आवाज. त्याबद्दल आपल्या या मंचावर आधी भरपूर लिहून झालंय, मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय. झेपेलिन १९६८ मध्ये सुरू झालं आणि ड्रमर जॉन बोनम गेल्यावर १९८० मध्ये संपलं. म्हणजे जेमतेम बारा वर्षं. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस दुसऱ्यांबरोबर गातोय. कुणाच्या रेकॉर्डवर एक गाणं, कुणाच्या कार्यक्रमात दोन, कुणाबरोबर आख्खा अल्बम. ही सगळी गाणी एका ओळीत लावून ऐकली तर एक गोष्ट लख्ख दिसते, ती म्हणजे या माणसाला पाहुणा म्हणून कसं गावं ते कळलेलं आहे. माझ्या मते रॉकमधल्या मोठ्या गायकांपैकी फार थोड्यांना ते जमलं.

सुरुवात झेपेलिनच्याही आधीपासून आहे. १९६८ मध्ये ब्रिटिश ब्लूजचा जाणता माणूस ॲलेक्सिस कॉर्नर याच्याबरोबर प्लांट गायला. त्यातलं 'ऑपरेटर' मिळालं तर ऐका. वीसही पूर्ण नसतील तेव्हा त्याला. आवाज तयार आहे, पण सगळं एकाच गाण्यात दाखवून टाकायची घाई आहे. थांबायचं कुठे ते अजून ठाऊक नाही.

मग १९७१ चं 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'. इथे पाहुणी दुसरीच आहे, सँडी डेनी. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमधून पुढे आलेली इंग्लिश लोकगीतांची गायिका. झेपेलिनच्या सगळ्या रेकॉर्डांवर बाहेरून येऊन गाणारी ती एकटीच. त्या चौथ्या अल्बमवर चौघांनी स्वतःच्या नावाऐवजी एकेक चिन्ह घेतलं होतं, आणि पाचवं चिन्ह, तीन त्रिकोणांचं, सँडीला दिलं. पाहुण्याचा मान कसा ठेवावा याचं मला हे फार आवडतं उदाहरण. प्लांट गोष्ट सांगतो आणि सँडी दवंडी देणाऱ्यासारखी गावाच्या बाजूने उत्तर देते. ती १९७८ मध्ये गेली, वय फक्त ३१.

डिसेंबर १९७९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला कंपुचियाच्या (म्हणजे कंबोडियाच्या) लोकांसाठी मदतीचे कार्यक्रम झाले. त्यात प्लांट रॉकपाइल नावाच्या बँडबरोबर 'लिटल सिस्टर' गायला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या प्रचंड मैदानात झेपेलिन वाजलं होतं. तिथला राजा इथे दुसऱ्याच्या बँडमध्ये येऊन एक जुनं रॉक अँड रोल म्हणून मोकळा झाला. ते रेकॉर्डिंग ऐकताना त्याला किती मजा येतेय ते कळतं.

पुढचं तुम्ही लिहा. कुणी काय ऐकलंय, कुठे तो जमला, कुठे फसला, सगळं येऊ द्या. नुसत्या याद्या नकोत, ऐकून काय वाटलं ते लिहा.

झांजवाला (कुडाळ)

मस्त धागा दादा. मी रॉकवाला नाही, डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, कोरसला बसणारा माणूस आहे. पण 'बॅटल ऑफ एव्हरमोर' मुंबईला हॉस्टेलवर असताना पाठ झालं होतं, म्हणून लिहितोय.

त्या गाण्यात ड्रम नाहीत. मँडोलिन आणि गिटार, बस्स. सगळा जोर दोन आवाजांवर. आमच्याकडे भजनात बुवा ओळ टाकतो आणि कोरस ती झेलतो. झेलताना कोरसने बुवाच्या वर चढायचं नसतं, पण पडूनही चालत नाही. ओळ खाली पडली की बुवाला पुढची उचलताना दम लागतो. सँडी डेनी नुसती झेलत नाही, ती उत्तर टाकते. आणि प्लांट तिच्यासाठी जागा सोडतो. बावीस वर्षांच्या, जगभर नाव झालेल्या गायकाने जागा सोडणं सोपं नसतं. आमच्याकडे पन्नाशीतल्या बुवांना जमत नाही.

बाहेरचा पखवाजवाला आणला की हे लगेच कळतं. आपला नेहमीचा गडी आजारी असेल तर दुसऱ्या मंडळातला बोलावतात. चांगला असेल तर पहिला अभंग तो नुसता ऐकत वाजवतो, बुवा कुठे श्वास घेतो, कुठे लय ओढतो ते बघतो. मग गवळणीला हात सोडतो आणि गजराला खुलतो. जो पहिल्या अभंगातच चक्रदार तिहाई लावतो, त्याला पुन्हा बोलावणं येत नाही.

गिरगाव_ते_वेंगुर्ला

कातळसडा, तुम्ही १९७१ वरून थेट १९७९ वर गेलात. मधलं १९७२ सुटलं आणि ते तर आपल्या अंगणातलं.

त्या वर्षी मी गिरगावात होतो. मिलमध्ये नोकरी, चाळीत खोली, सिलोनवर गाणी. ऑस्ट्रेलियाचा दौरा करून परतताना झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत थांबले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही झेपेलिनचीच दोन गाणी नव्याने वाजवून घेतली. त्याच वर्षी कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत इथल्या पोरांच्या साथीने ते वाजवूनही गेले. आम्ही चर्नी रोडला होतो आणि आम्हाला पत्ता नाही. कळलं ते किती तरी वर्षांनी, नातवाने मोबाईलवर ऐकवलं तेव्हा.

ते ऐकल्यावर जे वाटलं ते लिहितो. 'फ्रेंड्स'मध्ये आपली वाद्यं सुरू झाली की गाणं एकदम ओळखीचं होतं, चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या हातांची ती सवय कान लगेच पकडतो. त्यावर प्लांटचा आवाज येतो. तो मुंबईत आलेला पाहुणा आहे, तरी गाणं त्याचंच आहे. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कातळसडा

काका, सुटलं नव्हतं, तुमच्यासारख्या कुणी तरी लिहावं म्हणून ठेवलं होतं. गिरगावातून लिहिलेलं वाचायला मिळालं, आनंद वाटला.

झांजवाला यांच्यासाठी एक भर. 'फोर स्टिक्स'ची मूळ लय बघा. पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटून पालटून येतात. बोनमने ते दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवलं, नाव तिथूनच आलं. आपल्याकडच्या वादकाला लहानमोठ्या विभागांच्या तालाचं वावडं नसतं, झपताल तर रोजचा. मुंबईच्या त्या तुकड्यात गायन नाही, प्लांट तिथे गप्प आहे. म्हणून ते जास्त लक्ष देऊन ऐकावंसं वाटतं, कारण गाण्याचा सांगाडाच समोर येतो.

हे रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आलं ते २०१५ मध्ये, झेपेलिनच्या 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. म्हणजे ४३ वर्षांनी. आणि ट्रॅकवर लिहिलंय काय, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. दोन शब्द. सँडी डेनीला चिन्ह देणाऱ्या बँडच्या रेकॉर्डवर मुंबईचे सगळे वादक दोन शब्दांत बसवले गेले, हे मला खुपतं. जे काम तिथे झालं ते कुणी तरी हातांनी केलंय, आणि त्या प्रत्येक हाताला नाव होतं.

सड्यावरची (रत्नागिरी)

नावांच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. पण त्यांनीच पुढे बरंच भरून काढलं असं मला वाटतं, म्हणून १९९४ कडे येते.

पेज आणि प्लांट एमटीव्हीसाठी पुन्हा एकत्र आले. जुनी झेपेलिनची गाणी, पण मोरोक्कोत मराकेशला तिथल्या गनावा या पारंपरिक संगीताच्या वादकांबरोबर, लंडनमध्ये हुसाम रमझीने जमवलेल्या इजिप्शियन वादकांबरोबर आणि सोबत पाश्चात्य ऑर्केस्ट्रा. 'नो क्वार्टर' या नावाने अल्बम निघाला. त्यात 'बॅटल ऑफ एव्हरमोर' पुन्हा आहे, आणि सँडीच्या जागी आहे नजमा अख्तर. ब्रिटनमध्ये वाढलेली, गजल गाणारी भारतीय वंशाची गायिका.

मी गाणं शिकवते, म्हणून हे कान लावून ऐकलं. नजमा सँडीची नक्कल करत नाही. ती तिची हरकत घेते, स्वर सरळ न लावता वळसा घालून लावते, आणि इंग्लिश लोकगीताच्या चालीत ते कुठेही ठिगळ वाटत नाही. सँडीचं उत्तर खणखणीत होतं, नजमाचं लांबून आल्यासारखं वाटतं. गाणं तेच, पण त्यातलं दुःख वाढलंय. प्लांटही तिच्याबरोबर बदललाय. १९७१ ला तो सँडीकडे ओळ फेकत होता, इथे नजमाची ओळ संपेपर्यंत थांबतो.

एक गोष्ट मात्र खटकते. या सगळ्या थाटात झेपेलिनचाच जॉन पॉल जोन्स नव्हता, त्याला बोलावलंच नव्हतं. 'फ्रेंड्स'ची मूळ तंतुवाद्यांची रचना त्याची. जगभरचे पाहुणे बोलवायचे आणि घरचा माणूस बाहेर ठेवायचा, हे बरं दिसत नाही.

बंदररोड (मालवण)

मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण सगळे एकाच सुरात चाललेत.

१० डिसेंबर २००७, लंडनचा ओ टू अरीना. बोनमचा मुलगा जेसन ड्रमवर, आणि झेपेलिन एका रात्रीसाठी परत. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या अहमत एर्टगनच्या स्मरणार्थ. ते चित्रीकरण बघा. साठीला आलेला प्लांट 'कश्मीर' कसा गातो ते बघा. ही माणसं त्यानंतर दौरा करू शकली असती. बाकीचे तयार होते. प्लांटने नाही म्हटलं आणि ॲलिसन क्रॉसबरोबर गायला निघून गेला. लाखो लोकांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्याच्या हातात होतं.

दुसरं, प्रत्येक वेळी तो जमलाय असंही नाही. २० एप्रिल १९९२, वेम्बली, फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेला कार्यक्रम. प्लांटने फ्रेडीच्या क्वीन या बँडबरोबर 'इन्युएंडो' गायलं आणि ते बसलं नाही. इतकं की नंतरच्या डीव्हीडीत ते त्याच्याच सांगण्यावरून घेतलं नाही. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' बरं झालं, पण ते मुळातच त्याच्या आवडीच्या जुन्या रॉक अँड रोलच्या घाटाचं. १९८५ चा लाइव्ह एड हा मदतीचा कार्यक्रम आठवा, फिलाडेल्फिया, घसा बसलेला, फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन असे दोन दोन ड्रमर आणि कुणाचा कुणाला मेळ नाही.

मला झेपेलिन हवं होतं. ती इच्छा चुकीची आहे असं मला कुणी सांगू नये.

कातळसडा

चुकीची अजिबात नाही बंदररोड, ओ टू मीही पुन्हा पुन्हा बघितलंय. तुमचं वेम्बलीचं उदाहरण मला उलट उपयोगी वाटतं. 'इन्युएंडो' फ्रेडीच्या गळ्यासाठी बेतलेलं गाणं. तिथे प्लांटला फ्रेडीची जागा भरायची होती. पाहुणा म्हणून तो तेव्हाच फसतो, जेव्हा त्याला दुसऱ्याची जागा भरायला उभं करतात. आणि स्वतःची जुनी जागा भरायला सांगितलं तरी तेच. २००७ नंतर त्याने दौऱ्याला नाही का म्हटलं, त्याचं उत्तर मला यात दिसतं.

आता ॲलिसन क्रॉस. ही ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतातली गायिका आणि फिडलवादक, त्याच्याहून जवळजवळ तेवीस वर्षांनी लहान. दोघं पहिल्यांदा एकत्र गायले ते २००४ मध्ये, क्लीव्हलंडला, लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या गौरवाच्या कार्यक्रमात. त्यातून २००७ चा 'रेझिंग सँड' झाला. निर्माता टी बोन बर्नेट. २००९ च्या ग्रॅमीत पाच पारितोषिकं, त्यात वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही. पारितोषिकं सोडा, गंमत वेगळीच आहे. प्लांटने मुलाखतींतून सांगितलंय की दुसऱ्या आवाजाच्या शेजारी नेमक्या स्वरावर बसून हार्मनी गाणं त्याने त्याआधी असं कधी केलंच नव्हतं. झेपेलिनमध्ये तो एकटा गायचा आणि प्रत्येक रात्री वेगळं गायचा. इथे त्याला ओळ जशी ठरली तशीच, तेवढीच लांब, तिथेच संपवून गावी लागली, कारण शेजारी ॲलिसन त्याच ओळीवर उभी होती. साठीच्या उंबरठ्यावर माणूस शाळेत बसला आणि मन लावून शिकला.

'प्लीज रीड द लेटर' हे त्यातलं गाणं मूळ पेज-प्लांटच्या १९९८ च्या अल्बममधलं. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात तो पत्र वाच म्हणून विनवतोय. दुसऱ्यात ॲलिसनचा आवाज वरून येऊन मिळतो आणि पत्र लिहिणारा व वाचणारी दोघंही एकदमच ऐकू येतात. शब्द तेच.

सड्यावरची

'रेझिंग सँड'वर मलाही बोलायचंय, कारण माझ्या क्लासमध्ये मी ते वापरते.

आपल्याकडे दोघं एकत्र गातात ते बहुतेक एकाच स्वरात. आरती असो, भजन असो, जाखडीतला गणपती असो, सगळे एकाच सुरावर. स्त्री-पुरुष असतील तर सप्तक वेगळं, पण स्वर तोच. त्यामुळे पेटीवर एका बाजूला मूळ चाल आणि दुसऱ्या बाजूला तिच्या वरची जोडओळ वाजवली की मुलं हमखास घसरतात. दुसऱ्याचा स्वर कानात शिरला की आपला सुटतो आणि नकळत त्याच्या स्वरावर जाऊन बसतो. हे जमायला कान बंद करून चालत नाही. दुसऱ्याचं पूर्ण ऐकायचं आणि तरी आपल्या जागी राहायचं.

'किलिंग द ब्लूज'मध्ये दोघं जवळजवळ पूर्ण गाणं बरोबर गातात. एकदा फक्त प्लांटवर लक्ष ठेवून ऐका. आवाज जवळजवळ बोलण्याइतका खाली आणलाय. शब्दाचा शेवट तो ओढत नाही, ॲलिसन सोडते तिथेच सोडतो. कंप आहे तो अगदी शेवटच्या अक्षरावर, आणि तोही तिच्या कंपाच्या बेताने. मग दुसऱ्यांदा फक्त ॲलिसनवर लक्ष ठेवा. माझ्या मुलींना मी तिसऱ्यांदा दोन्ही ऐकायला लावते आणि मग पेटीवर बसवते. रॉकचं नावही न ऐकलेली नववीतली पोर मला म्हणाली, बाई, तो तिला सांभाळतोय. मी म्हटलं, तीही त्याला सांभाळतेय, परत ऐक.

आबोलेचो_वळेसर (वेंगुर्ला)

माका इंग्लिश गाणी काय कळणत नाय, पण ह्यो धागो वाचून झिलान यूट्यूबर ता 'किलिंग द ब्लूज' लावल्यान. बाईचो आवाज बारीक, बाप्याचो जाडो, तरी दोघां एकमेकांच्या अंगावर जाणत नाय. आमच्या दशावतारात बरो पेटीवालो असोच असता. नटान पद घेतल्यान काय तो मागसून सूर धरता, फुडे धावणा नाय. माका आवडला. आजून खयचा ऐकूचा ता सांगा.

कातळसडा

वयनी, 'यूअर लाँग जर्नी' ऐका, त्याच अल्बममधलं शेवटचं. आणि मूळ 'बॅटल ऑफ एव्हरमोर'. तुमच्या झिलाक सांगा, आवाज वाढवून लाव.

हर्णै_बंदर

आफ्रिकेकडे कुणीच गेलं नाही, म्हणून मी जातो.

जानेवारी २००३, मालीच्या वाळवंटात टिंबक्टूजवळ एसाकान नावाच्या ठिकाणी भरलेला संगीतमहोत्सव. वाळवंटातल्या भटक्या तुआरेग लोकांच्या मेळाव्यातून उभा राहिलेला. प्लांट तिथे गिटारवादक जस्टिन ॲडम्सबरोबर गेला आणि गायला. महोत्सवाचं जे ध्वनिमुद्रण निघालं त्यात त्याचं एकच गाणं आहे, बाकी बहुतेक तिथले कलाकार. नाव मोठं म्हणून त्याला जास्त जागा दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

त्यानंतर त्याच्या बँडमध्ये गांबियाचा जुलदेह कमारा आला. तो रिती वाजवतो. रिती म्हणजे एका तारेचं, गजाने वाजवायचं वाद्य, पोटाला भोपळ्याची वाटी आणि वर कातडं. ते झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये कसं येतं ते बघायलाच हवं. जिथे पूर्वी गिटारचा धबधबा होता, तिथे हा एका तारेवर घासून असा काही स्वर काढतो की मैदानच्या मैदान गप्प होतं. प्लांट माइकपासून बाजूला सरकून त्याच्याकडे बघत उभा असतो. २०१४ च्या 'ललबाय अँड द सीझलेस रोर'मध्ये हे सगळे आहेत. मला त्याचा नंतरच्या काळातला सगळ्यात आवडता अल्बम हाच.

बंदररोड, तुम्हाला झेपेलिन हवं होतं ना? ब्लूज मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत गेलेल्या गाण्यातून उभा राहिला. झेपेलिन त्या ब्लूजवर उभं राहिलं. प्लांट त्या वाटेने उलटा चालत गेलाय. झेपेलिन सोडून तो दुसरीकडे गेला असं मला वाटत नाही, तो त्याच्या मुळाशी गेला.

बंदररोड

हर्णै, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे आणि रितीचा व्हिडिओ बघितला. कमारा जबरदस्त. पण माझी मागणी तीच. मुळाशी जाणं आणि घरी येणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९८८ ला पेजच्या 'आउटरायडर'वर प्लांट एक गाणं गायला, आणि प्लांटच्या 'नाऊ अँड झेन'वर पेज वाजवून गेला. एकमेकांच्या घरी पाहुणे म्हणून येणं-जाणं होतंच की. मग एकत्र बिऱ्हाड का नाही?

१९८४ च्या हनीड्रिपर्स या त्याच्या बँडबद्दलही कुणी लिहिलेलं नाही. पेज, जेफ बेक, नाइल रॉजर्स असे सगळे एकत्र, पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड. 'सी ऑफ लव्ह' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. हेवी मेटलच्या त्या काळात हा माणूस पन्नास-साठच्या दशकातल्या हळुवार प्रेमगीतात शिरला आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. यात मला त्याचा खरा आवाज सापडतो, हे मान्य.

गिरगाव_ते_वेंगुर्ला

नावांच्या मुद्द्यावर परत यायचंय, तो मनातून जात नाही.

गेल्या शिमग्यात इथल्या जवळच्या एका वाडीत डबलबारी झाली. बॅनरवर दोन्ही बुवांचे हारासकट फोटो, मंडळाचं नाव, प्रायोजकांची नावं, शुभेच्छुकांची रांग. पखवाज वाजवायला जो मुलगा दुसऱ्या तालुक्यातून आणला होता, त्याचं नाव कुठे नाही. रात्री अडीच वाजता लोक उठून उभे राहिले ते त्याच्या हातावर. मी मुद्दाम विचारायला गेलो तर आयोजक म्हणाले, तो पाहुणा आहे हो काका.

पाहुणा आहे म्हणूनच नाव पाहिजे. घरच्या माणसाला सगळे ओळखतात. सँडी डेनीला जे मिळालं ते त्या मुलाला मिळायला हवं होतं, आणि १९७२ च्या आमच्या मुंबईकर वादकांनाही.

झांजवाला

काका, मनातलं बोललात. आमच्या मंडळात आता पाहुण्या वादकाचं नाव बुवा पहिल्या गजराआधी माइकवरून घेतो. बॅनरवर यायला वेळ लागेल, पण सुरुवात केलीय.

अजून एक निरीक्षण. प्लांट ज्या ड्रमरांबरोबर उभा राहिला त्यांच्याकडे बघा. १९८२ चा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम 'पिक्चर्स ॲट इलेव्हन', बहुतेक गाण्यांवर फिल कॉलिन्स, दोनांवर कोझी पॉवेल. बोनम जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. फिल कॉलिन्स तेव्हा स्वतः मोठा गायक, तरी ड्रमच्या मागे बसून दुसऱ्याला साथ देतोय. पुढच्या वर्षीच्या अल्बमवरही तोच. मग 'रेझिंग सँड'वर जे बेलरोज, त्याचं वाजवणं ऐकलं तर ढोल लांबच्या देवळात वाजतोय असं वाटतं. खोल, संथ, झांजांचा कल्लोळ नाही. बोनमची जागा कुणी भरायचीच नाही हे ठरवल्यासारखं प्रत्येक वेळी वेगळा हात घेतलाय. तालवाला म्हणून मला हा त्याचा मोठेपणा वाटतो.

सड्यावरची

झांजवाला, हे सुंदर. यात भर म्हणून १९९३ चा 'फेट ऑफ नेशन्स' ऐका. 'कम इनटू माय लाइफ'मध्ये आयरिश गायिका मोया ब्रेनन मागून येते, गिटारवर रिचर्ड थॉम्पसन आहे, जो मुळात सँडी डेनीचा फेअरपोर्टमधला साथीदार. 'कॉलिंग टू यू'मध्ये शेवटी नायजेल केनेडीचं व्हायोलिन अक्षरशः झोडपून काढतं. हा अल्बम फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही, पण पुढच्या सगळ्याची बीजं इथे आहेत. २०१० च्या 'बँड ऑफ जॉय'मध्ये पॅटी ग्रिफिन आली. तिच्या २०१३ च्या 'अमेरिकन किड'वर मग प्लांट पाहुणा म्हणून गेला. तिथे 'ओहायो' ऐका. अल्बम तिचा आहे, हे तो पूर्ण गाणंभर लक्षात ठेवून गातो. मोठा आवाज असलेल्या माणसाने मागे उभं राहून गाणं म्हणजे काय, ते त्यात नीट कळतं.

हर्णै_बंदर

मागे उभं राहण्यावरून आठवलं. प्रायमल स्क्रीम या बँडच्या २००२ च्या 'ईव्हिल हीट' अल्बमवर तो पाहुणा आहे, पण गायलेला नाही. 'द लॉर्ड इज माय शॉटगन'मध्ये नुसता माउथ ऑर्गन वाजवलाय. त्याच्याकडून लोक गळ्याची अपेक्षा करणार आणि हा ओठाला माउथ ऑर्गन लावून बसलाय. झेपेलिनमध्येही तो अधूनमधून वाजवायचा, पण तिथे सगळ्यांचं लक्ष गळ्याकडेच असायचं.

कातळसडा

हे माझ्याकडे लिहून ठेवलेलं होतं, हर्णै, तुम्ही आधी टाकलंत ते उत्तम.

एक राहिलेलं टाकतो. न्यू ऑर्लिन्सच्या फॅट्स डॉमिनोच्या गाण्यांचा २००७ मध्ये गौरव अल्बम निघाला, 'गोइंग होम'. त्यात प्लांट दोनदा येतो. एकदा लुइझियानाच्या लिल बँड ओ गोल्डबरोबर 'इट कीप्स रेनिन', आणि एकदा दक्षिण आफ्रिकेच्या सोवेटो गॉस्पेल क्वायरबरोबर 'व्हॅली ऑफ टिअर्स'. दुसरं आधी ऐका. एवढा मोठा गानवृंद, आणि त्याच्यापुढे एक म्हातारा होत चाललेला इंग्लिश गायक. तो त्यांच्याशी झुंजत नाही. ओळ ठेवतो आणि बाजूला होतो, गानवृंद ती उचलतो. झांजवाला, तुमचा कोरस इथे सापडेल.

बंदररोड

'व्हॅली ऑफ टिअर्स' आत्ताच ऐकलं. हे मला नवं होतं. आता 'सेव्हिंग ग्रेस'बद्दल कुणी लिहील का? सुझी डायन नावाच्या गायिकेबरोबर २०१९ पासून छोट्या छोट्या सभागृहांत गातोय, अल्बम २०२५ मध्ये आला. ओ टू भरवणारा माणूस गावागावातल्या लहान हॉलमध्ये का जातो, हे मला समजून घ्यायचंय.

सड्यावरची

मी लिहीन, पण दोनतीनदा नीट ऐकून मगच. तोवर एवढंच सांगते, त्यात बरीचशी जुनी लोकगीतं आणि ब्लूज आहेत, सुझी त्याच्याबरोबरीने गाते आणि ॲकॉर्डियनही वाजवते. अल्बमचं नावच 'सेव्हिंग ग्रेस' आहे, आणि त्यावर प्लांटच्या नावाबरोबर सुझी डायनचंही नाव दिलेलं आहे. गिरगावचे काका, तुम्हाला हे मुद्दाम सांगायचं होतं.

गिरगाव_ते_वेंगुर्ला

वाचलं. नातवाला आजच लावायला सांगतो.